पांढरी जर्सी आणि निनावी ओंजळ

ज्या कृपाळूने नद्यांना तीर दिले आणि तीरांवर माणसांना घरे दिली, जो एकाच सूर्याने कृष्णाकाठचा घाट आणि या थंड बेटावरची ओली छपरे उजळतो, त्याची दया या अक्षरांवर असो. आजवर त्याच्यासमोर जे खोटे बोललो ते खरे लिहिण्याचे बळ त्यानेच द्यावे. आणि लिहिताना अक्षर वाकडे गेले, तर ते केवळ वयामुळे गेले असे त्याने मोठ्या मनाने मानावे.

अप्पा, तुमची पणती इंग्लंडच्या संघातून फुटबॉल खेळली. एवढे एकच वाक्य लिहून मी लेखणी खाली ठेवली, चष्मा पुसला, आणि हे ऐकून तुमचा चेहरा कसा झाला असता याचा विचार करीत बराच वेळ बसलो. तुम्ही वाईच्या शाळेत जन्मभर संस्कृत शिकवलेत, पहाटे यजमानांकडे पूजा सांगितल्यात, आणि खेळाशी तुमचा संबंध आला तो एकदाच. शाळेच्या संमेलनात तुम्हाला लंगडीचे पंच केले, आणि तुम्ही दोन्ही पक्षांना नियमभंगासाठी बाद ठरवून सामना संपवलात. गावात ती कथा बरीच वर्षे सांगत. तुम्हाला जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली. मीही आता सत्तरी ओलांडली आहे. लीड्सच्या इस्पितळात लोकांची हाडे सांधण्याचे काम केव्हाच सुटले. सकाळची संध्या, दुपारची पोथी, आणि शनिवारी नातीला मैदानावर नेऊन थंडीत कुडकुडत उभे राहणे, एवढा दिनक्रम उरला आहे. हे सर्व तुम्हालाच सांगायला हवे, कारण या गोष्टीत तुमचे नाव आहे आणि ते मी तुम्हाला न विचारता वापरले आहे.

नात म्हणजे माझ्या मुलीची मुलगी. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली होती, तिथे ही जन्मली. जावईबापूंना इथल्या इस्पितळात नोकरी लागून सगळे आमच्याकडे राहायला आले तेव्हा सहा वर्षांची होती. पहिल्या हिवाळ्यात तिला शाळेत कोणाचे बोलणे समजत नसे आणि तिचे कोणाला समजत नसे. मधल्या सुट्टीत ती भिंतीला पाठ लावून उभी राही. एक दिवस मुलांचा चेंडू घरंगळत तिच्या पायाशी आला, आणि तिने तो परत मारला. इतका सरळ, की पुन्हा तिच्याकडेच आला. त्या दिवशी घरी येऊन तिने आम्हाला आपले पहिले इंग्रजी वाक्य म्हणून दाखवले. ते ‘गुड मॉर्निंग’ नव्हते. ते ‘पास इट’ होते. तेव्हापासून बारा वर्षे आमच्या घराच्या दारात चिखलाचे बूट आहेत, आणि तुमची सूनबाई जिवंत होती तोवर त्या बुटांवरून रोज भांडण होते.

गेल्या शरदात तिच्या नावाने एक पत्र आले. तो प्रसंग अजून डोळ्यांपुढे उभा आहे. मुलगी स्वयंपाकघरात पोळ्या लाटते आहे, पत्र पोळपाटाशेजारी पडले आहे, त्यावर पिठाचा अंगठा उमटला आहे. देशाच्या मुलींच्या संघासाठी, एकोणीस वर्षांखालच्या, हिची निवड होऊ शकते. वसंतात सामने आहेत. मात्र तोवर हिच्याजवळ या देशाचा पासपोर्ट हवा, आणि अर्ज करणार की नाही ते आठवड्यात कळवायचे आहे. हिच्याजवळ पासपोर्ट आहे तो भारताचा. आम्हा सर्वांजवळ तोच आहे, आणि आपला देश दोन पासपोर्ट ठेवू देत नाही. इथला घ्यायचा तर तो सोडायचा. आमच्या घरात तो कोणी सोडला नव्हता, कारण या घराचा एक नियम होता आणि तो मी घातला होता: “आपल्या घरात कोणी पासपोर्ट बदलायचा नाही. अप्पांनी माझ्याकडून शब्द घेतला आहे.”

नात टेबलापाशी उभी होती. अठरा पूर्ण झालेली. कायद्याने तिला कोणाला विचारण्याची गरज नव्हती.

“आजोबा, तुम्ही नो म्हणालात तर मी नाही जाणार. आय मीन इट. पण मला एक सांगा. पणजोबा एक्झॅक्टली काय बोलले होते? वर्ड फॉर वर्ड?”

“अगं, आजोबांना असं विचारतात का?” मुलगी लाटणे थांबवून म्हणाली.

“का नाही? ते मला स्तोत्राचा एक वर्ड चुकला तरी फर्स्टपासून म्हणायला लावतात!”

अप्पा, तिचे म्हणणे खरे होते. तुम्ही मला लावली ती शिस्त मी तिला लावली होती: पाठांतरात एक अक्षर इकडचे तिकडे चालणार नाही. आणि आता ती माझ्याकडे तुमची अक्षरे मागत होती. मी तोंड उघडले आणि मला एकही शब्द आठवेना. कारण आठवण्यासारखा शब्दच नव्हता. तुम्ही असा शब्द माझ्याकडून कधी घेतला नव्हतात.

मी म्हणालो, “जुनी पत्रे बघून सांगतो,” आणि उठलो.

तो नियम कसा जन्मला ते तुम्हाला सांगतो. तुम्ही गेलात तेव्हा तार मिळून मी निघेपर्यंत आणि वाईस पोहोचेपर्यंत चौथा दिवस उजाडला होता. अग्नी चुलतभावाने दिला होता. अंगणात राखेसारखी शांतता होती आणि तुमची छत्री खुंटीला होती. परत आल्यावर काही महिन्यांनी तुमच्या सूनबाईने नागरिकत्वाचे अर्ज आणले. तिच्या मैत्रिणींनी भरले होते. तिला त्यांच्याबरोबर चार दिवस पॅरिस पाहायला जायचे होते. या पासपोर्टवर प्रत्येक वेळी व्हिसाची रांग. मी त्या कागदाकडे पाहिले आणि मला वाटले, तुमच्या शेवटच्या घटकेला जो पोहोचला नाही, त्याने निदान कागदावर तरी तुमचा राहावे. हे तिला सांगितले असते तर तिने ते समजून घेतले असते. पण पुरुषाला आपले दुःख सांगण्यापेक्षा वडिलांची आज्ञा सांगणे सोपे जाते. मी म्हणालो, “अप्पांना वचन दिले आहे.” तिने अर्ज दुमडून ठेवले. पुढे एकदा ती व्हिसाच्या रांगेत बारीक पावसात अर्धा दिवस उभी राहिली, एक कागद कमी पडला, परत आली, आणि नंतर तिने पॅरिसचे नाव काढले नाही. सहा वर्षांपूर्वी ती गेली. तुमच्याविषयी तिच्या मनात शेवटपर्यंत आदर होता, एवढे मात्र सांगतो. फक्त कधीतरी भाजी निवडताना म्हणे, “मामंजी इतके कडक वाटले नव्हते हो, इथे आले होते तेव्हा.”

तो आठवडा मी तुमच्या पत्रांचे पुडके घेऊन बसलो. मधल्या रविवारी शेजारी आला. हा शेजारी म्हणजे निवृत्त बसचालक, विधुर, माझ्याहून चार वर्षांनी लहान. वीस वर्षांपूर्वी त्याची नडगी मोडली आणि सांधेना, तेव्हा त्याच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मी तिथे बसवला होता. तेव्हापासून तो रविवारी चहाला येतो, आणि मला ‘डॉक’ म्हणतो. फुटबॉल मला त्यानेच समजावला. मागच्या उन्हाळ्यातील मोठ्या स्पर्धेत आम्ही दोघे माझ्या दिवाणखान्यात बसून सामने पाहत होतो. इंग्लंडच्या संघात एक खेळाडू होता, जन्माने दुसऱ्या देशाचा. तो मैदानात उतरला की इथल्याच प्रेक्षकांतून हुर्यो होई, आणि शेजारी त्यात घरबसल्या भाग घेई.

“बघ, बाहेरून मागवलेला माल! आमचं राष्ट्रगीत तरी येतं का त्याला?” शेजारी म्हणे. (त्याचे यॉर्कशायरी इंग्रजी मी आपल्या भाषेत आणतो आहे, त्यातील शिव्या सीमेवरच अडवल्या आहेत.)

“तुझ्या नडगीत कमरेचे हाड आहे. चालतो आहेस ना त्याच्यावर?” मी म्हणालो.

“पण ते माझंच हाड आहे, डॉक!”

तुम्ही असता तर तुमच्याजवळ यावर उत्तर असते. पुढे त्याच खेळाडूने धावून धावून छाती फुटेपर्यंत खेळून सामना वाचवला, तेव्हा हा सोफ्यावरून उठून नाचला, आणि बसताना म्हणाला, “मी म्हणतच होतो, पोरगा आपला आहे.” माणसाचे मन असे असते, अप्पा. ते पुरावा मागते, आणि पुरावा मिळाला की आपण तो मागितला होता हे विसरते.

त्या रविवारी मी त्याला नातीचे पत्र दाखवले. त्याने ते दोनदा वाचले.

“मग? ही तर बाहेरून आलेली,” मी जरा टोचूनच म्हणालो. “पुण्यात जन्मलेली.”

“हिचं वेगळं आहे.”

“काय वेगळे आहे?”

तो बिस्कीट चहात बुडवून विचार करीत राहिला, इतका वेळ की ते तुटून कपात पडले. मग म्हणाला, “ही आपल्या रस्त्यावरची आहे. हिने माझ्या खिडकीच्या दोन काचा फोडल्यात. इंग्लंडचा सेंटर फॉरवर्ड कोण कुठला, त्याने माझी एक काच फोडली आहे का?” मग कप खाली ठेवून माझ्याकडे पाहिले. “तू तिला अडवणार नाहीस ना, डॉक?”

मी म्हणालो, वडिलांच्या शब्दाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, “तुझे वडील? नदी बघायला गेलेले तेच ना?” ही गोष्ट मीच त्याला कधीतरी सांगितली होती, आणि स्वतः मात्र विसरून बसलो होतो.

तुमची ती एकुलती एक भेट. उन्हाळ्यात तुम्ही आलात, धोतर, कोट, आणि पायांत माझ्या आग्रहाचे लोकरी मोजे. पहिल्याच सकाळी मी स्नान करून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पूजेला बसलो. तुम्ही मागे पाटावर बसला होता. पूजेच्या आरंभी संकल्प म्हणतात, त्यात आपण कोणत्या दिवशी, कोणत्या देशी, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर बसून हे कर्म करतो आहोत ते देवाला सांगायचे असते. तुम्ही मला लहानपणी शिकवलात तसाच मी तो म्हणू लागलो, आणि कृष्णाकाठचे लोकही म्हणतात त्या गोदावरीच्या दक्षिण तीरावर आलो तोच मागून आवाज आला.

“थांब. तू कुठे बसला आहेस?”

“स्वयंपाकघरात, अप्पा.”

“ते कुठे आहे?”

“लीड्सला.”

“मग गोदावरीच्या दक्षिण तीरावर कोण बसले आहे?”

मी म्हणालो, सवय आहे. तुम्ही म्हणालात, “देवाला पत्ता खोटा द्यायचा, आणि प्रसाद मात्र बरोबर घरी यावा म्हणायचे! इथे नदी नाही का?”

नदी होती. तिचे नाव एअर. पण आमचे घर तिच्या कोणत्या तीरावर येते हे आठ वर्षे राहूनही मला ठाऊक नव्हते. तुम्हाला त्याचे जे आश्चर्य वाटले ते रागावण्याहून जड होते. ज्या पाण्याने रोज स्नान करतोस त्याची चौकशीही केली नाहीस, एवढेच तुम्ही म्हणालात. दुपारी आपण दोघे बसने नदीवर निघालो. तुम्ही आपल्या शाळामास्तरी इंग्रजीत कंडक्टरला विचारलेत, आमचे घर उत्तरेकडे पडते की दक्षिणेकडे? तो म्हणाला, “तुम्ही तोंड कुठे करून उभे राहता त्यावर आहे, साहेब.” तुम्ही इतके खूष झालात की पुलापर्यंत हसत होता: “याला न्यायशास्त्र शिकवले पाहिजे. मुलगा पुढे जाईल.” तो मुलगा पन्नाशीचा होता.

नदी तेव्हा काळी होती. दोन्ही काठांना धुराने काळवंडलेल्या गिरण्या, पाण्यावर रंगाचा तवंग. मला लाज वाटत होती. तुम्ही पुलाच्या कठड्याशी उभे राहिलात, सूर्य पाहिलात, प्रवाह पाहिलात, बोटाने दिशा मोजल्यात आणि म्हणालात, “उत्तर तीर.” मग चपला काढून हात जोडलेत. “आचमन नको,” तुम्ही म्हणालात, “पण नमस्काराला काय झाले? आजारी असली म्हणून आईला नमस्कार करीत नाहीत का?” दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वतः संकल्प म्हटलात, आणि नदीला स्त्रीलिंगी रूप देऊन, षष्ठी विभक्ती लावून, एअरेच्या उत्तर तीरावर बसलात. देवाने ते ऐकले असावे. त्या दिवशी ऊन पडले.

त्याच पुलावर मी तुम्हाला ती गोष्ट विचारली, जी लहानपणी एकदा विचारून फसलो होतो. तुम्ही तर्पण करताना पितरांचे एकेकाचे नाव आणि गोत्र उच्चारून ओंजळीने पाणी देत होता, आणि सगळे संपल्यावर एक ओंजळ काही न बोलता सोडत होता, पश्चिमेकडे तोंड करून. मी सात-आठ वर्षांचा असताना मधेच विचारले, “ही कुणाची?” तुम्ही माझ्याकडे असे पाहिलेत की पुढे तीस वर्षे मी तो प्रश्न गिळून बसलो. पुलावर तुम्ही कठड्यावर हात टेकून, पाण्याकडे पाहत सांगितलेत.

तुम्ही दत्तक होता हे घरात सर्वांना माहीत होते, पण ती गोष्ट कोणी बोलत नसे. नऊ वर्षांचे असताना तुम्हाला कोकणातून घाट चढवून वाईला आणले, निपुत्रिक शास्त्रीबुवांच्या मांडीवर बसवले, होम झाला. जन्मदात्याने हातावर पाणी सोडले, आणि त्या पाण्याबरोबर तुमचे गोत्र बदलले. “त्या दिवसापासून मी इकडचा,” तुम्ही म्हणालात. “अर्धा नव्हे, पुरता. शास्त्रात दोन्ही बापांचा पुत्र असाही एक प्रकार आहे, पण तसा करार माझ्या वेळी झाला नव्हता. मी या घराचा वंश चालवला, या घराची श्राद्धे केली, आणि कोणी मला उसना म्हणाले तर त्याच्याशी भांडलो. पण पहिल्या बापाचे काय करायचे ते मला कोणी सांगितले नाही. त्याचे नाव-गोत्र घेऊन पाणी देण्याचा अधिकार गेला. मग नाव न घेता देतो. पाण्याला गोत्र नसते.”

एवढे बोलून तुम्ही मोजे वर ओढलेत आणि म्हणालात, इथे फार वारा आहे.

अप्पा, हे ज्याने कानांनी ऐकले त्याने पुढे तुमच्या नावावर काय सांगावे, तर पासपोर्ट बदलायचा नाही! आणि तुम्ही विमानात बसलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गोदावरीच्या तीरावर जाऊन बसलो. तुमचे ऐकायचे नव्हते असे नाही. एअरेच्या तीरावर बसलो असे एकदा तोंडाने म्हटले की मी खरोखर इथे आहे हे मान्य करावे लागले असते, आणि तुम्ही तिथे एकटे आहात हेही.

पुडक्यातली पत्रे मी सगळी वाचली. निळे, पातळ हवाई कागद, घडीघडीवर विरलेले. थंडीत कान झाकावेत. सूनबाईस तूप पाठवता येत नाही याचे वाईट वाटते. मोठ्या आंब्याला यंदा मोहोर कमी. वचनाचा कुठे उल्लेख नाही. देशाचा नाही, परदेशाचा नाही. पण भेटीनंतरच्या प्रत्येक पत्राच्या तळाशी, जिथे तुम्ही पूर्वी ‘कृष्णामाईची कृपा’ असे लिहीत होता, तिथे एक ओळ वाढलेली: ‘तुझ्या एअरेला माझा नमस्कार सांग.’ प्रत्येक पत्रात, पाच वर्षे. मी ती प्रत्येक वेळी वाचली असणार, आणि एकदाही नदीपर्यंत गेलो नाही.

आठवडा संपला त्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेलो. नात बुटांना नाडी ओवत होती, मुलगी चहा गाळत होती. मी त्यांना पुलाची गोष्ट सांगितली, दत्तविधानाची, त्या निनावी ओंजळीची. दोन्ही बापांच्या पुत्राला शास्त्रात द्व्यामुष्यायण म्हणतात हेही सांगितले.

“द्व्या... व्हॉट?” नात म्हणाली. “जर्सीच्या मागे मावणारच नाही!” मग तिचा हात नाडीवर थांबला. “म्हणजे पणजोबा ट्रान्स्फर झाले होते. आणि जुन्या क्लबला विसरले नाहीत.”

“तसेच म्हण.”

“पण पासपोर्टचं काय बोलले ते?”

मी एक वाक्य सांगितले. त्या वाक्यापाशी शेवटी येतो. ते ऐकून तिने बूट टाकून माझ्या गळ्याला मिठी मारली आणि माझा चष्मा साखरेच्या डब्यात पडला. मुलगी म्हणाली, “बाबा, ते पत्र दाखवा ना.” मी म्हणालो, कागद फार जीर्ण झाला आहे, हाताळू नये. तिने माझ्याकडे पाहिले. तिचे डोळे तिच्या आईचे आहेत. मग तिने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला, आणि त्यात आले घातले होते, जे ती मला पित्ताच्या भीतीने एरवी घालू देत नाही.

फेब्रुवारीत टाउन हॉलमध्ये तिचा शपथविधी झाला. निरनिराळ्या देशांचे तीस-चाळीस लोक, ठेवणीतले कपडे, कोपऱ्यात राणीसाहेबांची तसबीर. मला दत्तविधानच आठवत होते: इथे होम नव्हता, पण साक्षी होते, उच्चार होता, आणि एका घरातून दुसऱ्या घरात पाऊल टाकणाऱ्याचे ते अवघडलेले हसू होते. नंतर तिचा भारताचा पासपोर्ट रद्द होऊन परत आला. तिने तो माझ्या हातात ठेवला. “हा देवघरात ठेवा. फेकू नका हं.” मी तो तुमच्या पत्रांबरोबर ठेवला आहे.

सामना एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमला होता. मुलगी आणि जावईबापू आदल्या दिवशी मोटारीने गेले. मी शेजाऱ्याबरोबर ट्रेनने गेलो. त्याने एवढी सँडविचेस घेतली होती की जणू युद्धावर निघाला होता. स्टँडमध्ये प्रेक्षक बेताचेच. राष्ट्रगीत सुरू झाले तेव्हा तुमची पणती राखीव खेळाडूंच्या रांगेत उभी राहून स्पष्ट उच्चारात ते म्हणत होती. आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या, मागच्या उन्हाळ्यात एका परक्याला गीत येते का म्हणून विचारणाऱ्या माणसाला दुसऱ्या ओळीपुढे येत नव्हते. तो ओठ हलवीत होता. मी पाहिले, आणि पाहिले नाही असे केले.

शेवटची पंचवीस मिनिटे उरली असताना तिला उतरवले. पांढरी जर्सी, डाव्या बाजूचा बचाव. रेषेपाशी ती थांबली, वाकली, उजव्या हाताने गवताला स्पर्श केला आणि तो हात कपाळाला लावला. मी शिकवले होते. पण ती ते इथे करील असे मला वाटले नव्हते.

“काय पडलं तिचं?” शेजारी पुढे झुकून म्हणाला.

“काही नाही. नमस्कार केला.”

“कुणाला?”

“जमिनीला. ज्या जमिनीवर पाय ठेवायचा, तिची आधी क्षमा मागतात.”

तो मागे रेलला. “आमच्या मैदानांची तर रोज मागायला हवी,” म्हणाला.

मागच्या बाकावरून एक माणूस आपल्या सोबत्याला विचारीत होता, ही काळी-सावळी कुठून आली? वाईट सुरात नव्हे. पण त्या प्रश्नाला एक धार असते, आणि ती मला चाळीस वर्षे ओळखीची आहे. मी मान वळवली नाही. शेजाऱ्याने मात्र सबंध देह वळवला, कमरेचे हाड असलेल्या त्या नडगीसकट.

“आमच्या रस्त्यावरून आली,” तो म्हणाला. “घर नंबर हवा का?”

अप्पा, आम्ही एका गोलने हरलो. ‘आम्ही’ हा शब्द लिहून गेला आहे, तो खोडत नाही. तुमच्या पणतीने काही मोठा पराक्रम केला नाही. दोन चेंडू अडवले, एक चुकवला, आणि एकदा घसरून असा चिखल उडवला की जर्सीचा पांढरा रंग शोधावा लागला. सामना संपल्यावर ती कुंपणापाशी आली, श्वास अजून लागलेला, आणि तिने विचारले, “पणजोबांना आवडलं असतं?” मी म्हणालो, ते पंच असते तर दोन्ही संघ बाद झाले असते. ती हसली, आणि मी तिच्या मळक्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेला बसलो. संकल्प सुरू केला, नदीपाशी आलो, आणि जीभ सवयीने गोदावरीकडे वळली. मी तिला थांबवले. मग तुमच्यासारखे स्त्रीलिंगी रूप देऊन, षष्ठी लावून, एअरेच्या उत्तर तीरावर बसलो. एवढ्या वर्षांनी देवाला माझा खरा पत्ता कळला. तर्पणात तुमचे नाव-गोत्र घेऊन पाणी दिले, तुमच्या वडिलांचे घेऊन दिले, आजोबांचे घेऊन दिले. आणि शेवटी एक ओंजळ न बोलता सोडली, पूर्वेकडे तोंड करून, ज्या तीरावर आता माझा पत्ता नाही त्या तीरासाठी. दुपारी बसने पुलावर गेलो. नदी आता पुष्कळ स्वच्छ आहे. तिला तुमचे सगळे राहिलेले नमस्कार सांगितले.

आता ते वाक्य. मी त्या दिवशी स्वयंपाकघरात म्हणालो की अप्पांनी पत्रात लिहिले आहे, “मूल ज्या मातीत खेळते, त्या मातीने त्याला आपले म्हटले तर आपण आड येऊ नये.” तुम्ही हे कुठे लिहिलेले नाही. पुलाची गोष्ट खरी होती, नमस्काराची ओळ खरी होती, तेवढ्यावर थांबता आले असते. पण थांबलो असतो तर मुलीने विचारले असते, मग तो शब्द कोणता, ज्याच्यासाठी आई पॅरिसला गेली नाही? त्या प्रश्नाला तोंड देण्याचे धैर्य मला झाले नाही. म्हणून एकदा तुमच्या नावाने दार लावले, आणि तुमच्याच नावाने उघडले. दोन्ही वेळा आवाज माझा होता. असे वाक्य तुमच्या तोंडी शोभले असते, एवढाच माझा बचाव आहे. आणि तुम्ही तो खोडून काढला असता हेही मला ठाऊक आहे.

हे पत्र पाठवायचे नाही. निळ्या पत्रांच्या पुडक्यात, रद्द झालेल्या त्या पासपोर्टाखाली, ते ठेवतो आहे. एक दिवस माझी मुलगी ते जीर्ण पत्र शोधायला पुडके सोडील. तिला हेच सापडावे.

आणि तिच्याखेरीज ज्या कोणाच्या हाती हा कागद पडेल, त्याचे घर ज्या नदीच्या तीरावर असेल ती त्याला आपले म्हणो. जी नदी मागे राहिली असेल तिच्यासाठी त्याच्या ओंजळीत पाणी उरो. आणि त्याच्या घरातले लेकरू ज्या मैदानावर पाय ठेवील, ते मैदान त्याला सावरून धरो.